ग्रीनवेल्स ग्लोरी

आज दिवसभर टेबलावर पिसं, रेशीम आणि चौदा नंबरचे गळ. ट्राउट मासा पकडण्यासाठी पंखांची जुनी वेट फ्लाय, म्हणजे पाण्याखाली चालणारी, गळावर पिसं-दोऱ्याने बांधलेली नकली माशी, बांधत होते, ग्रीनवेल्स ग्लोरी. १८५४ साली इथे स्कॉटलंडमध्येच, ट्वीड नदीकाठच्या स्प्राउस्टन गावात जेम्स राइट यांनी ती कॅनन (चर्चमधले धर्मगुरू) विल्यम ग्रीनवेल यांच्यासाठी पहिल्यांदा बांधली.

साहित्य अगदी थोडं. पिवळं रेशीम, त्याला काळं मेण चोळायचं म्हणजे रंग ऑलिव्हकडे झुकतो. वर सोन्याच्या तारेचे विरळ वेढे. गळ्याशी काळपट मध्याचं तांबूस कोंबड्याचं पीस. पंख मूळचे ब्लॅकबर्डचे, मी स्टार्लिंगचे वापरते.

खरं कसब पंखांत आहे. डाव्या आणि उजव्या पंखाच्या पिसांतून सारख्या रुंदीची एकेक पट्टी काढायची, म्हणजे दोन्हींचा बाक एकमेकांना सावरतो. जोडी गळावर चिमटीत घट्ट धरायची, दोरा बोटांच्या मधून सैल वर न्यायचा, पलीकडे उतरवायचा आणि सरळ खाली ओढायचा. चिमूट मात्र सोडायची नाही! मग तंतू एकावर एक बसतात. दोरा तिरका ओढला तर पंख गळाभोवती फिरतो.

आज संध्याकाळी एक जोडी अशी बसली की मी कितीतरी वेळ ती दिव्याखाली फिरवून पाहत राहिले. पाण्याखाली मासा इतकं बारकाईने बघत नसेलही, पण मला ती तशीच हवी होती. उद्या मार्च ब्राउन, अशीच दुसरी फ्लाय. तिच्या पंखांसाठी फेझंट-कोंबडीची पिसं काढून ठेवली आहेत.