मिठाला पाणी सुटतं तेव्हा

मृग लागला की आमच्या घरात सगळ्यात आधी कळतं ते मिठाला. छत्र्या अजून माळ्यावर असतात, पण चिनी मातीच्या बरणीतल्या जाड्या मिठाला पाणी सुटलेलं असतं आणि लाकडी चमचा त्यात रुतून बसतो. बारीक मिठाच्या डबीत आई चार दाणे तांदूळ टाकते. हे सगळं दरवर्षीचंच.

यंदा त्यात पुतणीची भर पडली. तिची आठवीची चाचणी होती आणि धडा होता रासायनिक बंधांचा. ओट्याशेजारच्या टेबलावर वही पसरून ती अणूंच्या एकेका कवचातले इलेक्ट्रॉन पुटपुटत मोजत होती, "सोडियम दोन, आठ, एक. क्लोरीन दोन, आठ, सात."

आमच्या सरांनी हा धडा लग्नाच्या भाषेत शिकवला होता. एकाच्या घरी एक इलेक्ट्रॉन जास्तीचा, दुसऱ्याच्या घरी आठाला एक कमी. सोडियमने दिला, क्लोरीनने घेतला, दोघांच्याही बाहेरच्या कवचात आठ, म्हणजे अष्टक पूर्ण, पत्रिका जुळली. सरांनी फळ्यावर एका गोलातून दुसऱ्या गोलाकडे बाण काढला आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. स्थळं तरी कसली! सोडियम सुरीने कापता येईल असा मऊ धातू, पण रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो, पाण्याला लागला की पेटतो. आणि क्लोरीन म्हणजे पहिल्या महायुद्धात, 1915 च्या एप्रिलमध्ये, जर्मन सैन्याने बेल्जियममधल्या ईप्रच्या खंदकांवर सोडलेला हिरवट पिवळा विषारी वायू. ही दोघं एकत्र येतात आणि आपण त्यांना वरणात घालतो.

"काका, पण सोडियम आपणहून देतो का?" पुतणीने विचारलं.

मी "हो" म्हणणारच होतो. तीस वर्षं तेच मानत आलो होतो. पण तिच्यासमोर चुकायला नको म्हणून आकडे काढून बसलो आणि सरांचं लग्न मोडलं.

सोडियम काही दानशूर नाही. त्याच्या वाफेतल्या अणूंकडून तो एकेक इलेक्ट्रॉन ओढून काढायचा तर दर मोलला (मोल म्हणजे अणू मोजायचं रसायनशास्त्रातलं माप) 496 किलोज्यूल ऊर्जा मोजावी लागते. क्लोरीनला तो मिळाला की परत येतात 349. म्हणजे नुसत्या देण्याघेण्यातच 147 ची खोट. धातूतून सोडियमचे अणू सुटे करायचा आणि क्लोरीनच्या जोड्या फोडायचा खर्च आणखी वेगळा. व्यवहार इथेच थांबला असता तर जगात मीठ झालंच नसतं. ते होतं पुढच्या गोष्टीमुळे. इलेक्ट्रॉन देऊन धन प्रभाराचे आणि घेऊन ऋण प्रभाराचे झालेले अणू, म्हणजे आयन, सगळे एकमेकांकडे ओढले जाऊन रांगेने रचले जातात, तेव्हा 787 किलोज्यूल बाहेर पडतात. सगळी उधारी त्यातून फिटते आणि वर चारशेच्या आसपास उरतात.

आणि रचले जातात तेही जोडीजोडीने नव्हे. प्रत्येक सोडियमला सहा क्लोराइड (म्हणजे क्लोरीनचे आयन) शेजारी: वर, खाली, डावीउजवीकडे, पुढेमागे. प्रत्येक क्लोराइडला तसेच सहा सोडियम. यातला कोण कुणाचा? कुणीच कुणाचा नाही. एनएसीएल (NaCl) हे मिठाचं सूत्र म्हणजे जोडप्याचं नाव नव्हे, नुसतं एकास एक प्रमाण आहे.

"मग लग्न नाही?"

"नाही गं. चाळ आहे."

ती हसली, पण वहीत जोडीच काढली. चाळ काढली तर मार्क कोण देणार? शिवाय हे न पचणारी ती पहिली नव्हे. 1913 मध्ये ब्रॅग या शास्त्रज्ञ पितापुत्रांनी क्ष-किरणांनी मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली. त्याला चौदा वर्षं होऊन गेल्यावरही हेन्री आर्मस्ट्राँग या ऐंशीला टेकलेल्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात तणतणून पत्र लिहिलं होतं. मिठात रेणूच नाहीत, बुद्धिबळाच्या पटासारखी नुसती घरं आहेत, हे त्यांना अक्कल गहाण टाकल्यासारखं वाटलं. मला या आर्मस्ट्राँग आजोबांची बाजू कळते. एकाला एक नेमून दिला की मनाला बरं वाटतं.

पुतणीच्या भिंगाखाली बारीक मिठाचे चार कण धरले. छोटे छोटे चौकोनी ठोकळे, काहींचे कोपरे झिजलेले. खलबत्त्यात खडा ठेचला की तोही सपाट पृष्ठांवरच फुटतो, कारण घाव बसून एक रांग जरा सरकली की सारखे प्रभार समोरासमोर येतात आणि एकमेकांना लोटतात. आई दृष्ट काढते तेव्हा खडे मीठ तापून तडतडतं, ते खड्यात अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन. "केवढी लागली होती बघ!" असं आई म्हणते, तेव्हा मी गप्प बसतो. सगळंच सांगायचं नसतं.

हे मीठ वितळवायचं तर 801 अंशांची भट्टी लागते, पण आमटीत पडलं की मिनिटभरात दिसेनासं होतं. पाण्याचे रेणू एकेक आयन चाळीतून बाहेर काढतात आणि त्याच्याभोवती कोंडाळं करतात. सोडियमकडे ऑक्सिजनची बाजू, क्लोराइडकडे हायड्रोजनची. आमटीत मीठ म्हणून काही उरतच नाही, सुटे आयन तेवढे फिरत असतात. बरणीत पावसाळ्यात होतं तेही हेच, फक्त तिथे पाणी हवेतून येतं. ते आधी ओढतं जाड्या मिठातलं थोडंसं मॅग्नेशियम क्लोराइड. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर जाईपर्यंत तग धरतं.

हा 75 चा आकडा मी विसरलो. पुतणीला स्फटिक पुन्हा जमताना दाखवायचे म्हणून बशीत मिठाचं पाणी घेऊन खिडकीत ठेवलं. दोन दिवस गेले, तीन गेले, बाहेर पावसाची झड. बशी ओलीच. पाणी उलट वाढल्यासारखं वाटलं. चौथ्या दिवशी पुतणीची चाचणी झाली, तिला जोडीचे पूर्ण मार्क मिळाले, आणि ती सांगायला आली तेव्हा आई विचारत होती, "ही उष्टी बशी खिडकीत कुणी ठेवली रे?" विचारता विचारता तिने ती धुऊन पालथीही घातली होती.