‘तो तसा नाहीये हो’

दंडावर जोडीदाराच्या माराचे वळ स्पष्ट दिसत असतात आणि ती सांगत असते, ‘तो तसा नाहीये हो, त्या दिवशी जरा डोकं फिरलं होतं एवढंच.’ ऐकणाऱ्याचा जीव चडफडतो. मग आपण मनाशी ठरवून मोकळे होतो की हिचं प्रेम आंधळं आहे, नाहीतर हिलाच त्याचं काही वाटत नाही. दोन्ही निष्कर्ष बहुतेक वेळा चुकतात. (मार खाणारे पुरुषही असतात, समलिंगी जोडप्यांतही हे घडतं. इथे ‘ती’ म्हटलंय ते लिहिण्याच्या सोयीसाठी.)

पहिल्यांदा बघायचं ते हे, की ती बोलत असताना ऐकतंय कोण. तो शेजारच्या खोलीत असेल, तर ते वाक्य तुमच्यासाठी नसतंच, त्याच्यासाठी असतं. पोलीस अर्ध्या तासात निघून जाणार, तुम्हीही जाणार, रात्र मात्र तिला त्याच्यासोबत काढायची आहे. अशा वेळी त्याला पाठीशी घालणं हा साधा हिशेब असतो. त्याचा पारा कशाने चढतो आणि कशाने उतरतो, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

पण तो गावाला गेलेला असतानाही ती त्याची बाजू घेते, त्याचं काय? डटन आणि पेंटर या अभ्यासकांनी १९८१ साली मारणाऱ्याशी जडणाऱ्या या बंधाबद्दल एक मांडणी केली. असं नातं घट्ट व्हायला दोन गोष्टी पुरतात: एकाच्या हातात सगळी सत्ता, आणि छळ व माया यांचा बेभरवशाचा फेरा. रोज न चुकता मारणारा माणूस सोडणं त्या मानाने सोपं. कधी मारेल आणि कधी जवळ घेईल याचा नेम नसला, की मन त्या जवळ घेण्याची वाट बघत बसतं. शिवाय मार बसल्यावर शरीर भीतीने थरथरत असतं, कुणीतरी धीर द्यावा असं वाटतं, आणि त्या खोलीत दुसरं कुणी नसतंच. ज्या हाताने मारलं तोच हात टॉवेलात बर्फ गुंडाळून तिच्या डोळ्यावर धरतो. तिच्या लक्षात राहतो तो बर्फसुद्धा, आणि तो खोटा नसतो.

मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये ताण, स्फोट आणि मनधरणी असं हिंसेचं चक्र मांडलं होतं. ते सगळ्याच घरांना लागू पडत नाही. कित्येक घरांत वर्षं जातात तशी मनधरणी आटत जाते, आणि नुसता मार न बसलेला आठवडासुद्धा ‘हल्ली बरा वागतो’ या खात्यात जमा होतो.

इथे हटकून कुणीतरी ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ म्हणतं, म्हणजे ओलिसांना ओलीस धरणाऱ्याबद्दलच आपुलकी वाटू लागणं. १९७३ साली स्टॉकहोममधल्या एका बँकेत सहा दिवस ओलीस धरलेल्या चौघांवरून तो शब्द रूढ झाला. घरातल्या हिंसेला तो लावणं मला आळशीपणाचं वाटतं. दरोडेखोर आणि ओलीस यांना मिळून झालेली मुलं नसतात, दोघांच्या नावावर कर्ज नसतं, दहा वर्षांच्या आठवणी नसतात.

तक्रार दिल्यावर जबाब का फिरवला जातो, यावर संशोधक एमी बोनोमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २०११ साली प्रसिद्ध झालेलं काम नीट वाचण्यासारखं आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात कोठडीतल्या पुरुषांनी आपल्याच पीडित जोडीदारणींशी केलेले फोन त्यांनी ऐकले. जोडपी १७, हिंसा गंभीर स्वरूपाची, फोन ध्वनिमुद्रित होतोय याची दोघांनाही कल्पना. कुणालाही वाटेल की तो धमक्या देत असणार. पण पारडं फिरवलं ते धमकीने नाही, कीव मागण्याने. सुरुवातीला ती ठाम असते, घडलेल्या प्रकारावरून वाद घालते. तो आधी ‘एवढं काही झालंच नव्हतं’ म्हणून बघतो. मग सूर बदलतो: इथे किती हाल आहेत, तब्येत ढासळलीय, तुझ्याशिवाय जगवत नाही. इथे ती विरघळते. आता धीर देणारी ती आणि आधार हवा असणारा तो, अशी अदलाबदल होते. मग जुन्या चांगल्या दिवसांची उजळणी, मग ‘आपण दोघं विरुद्ध सगळं जग’, आणि शेवटी साक्षीत काय सांगायचं याची घोकंपट्टी. म्हणून तक्रार मागे घेतली म्हणजे ती खोटीच होती, हा तर्क टिकत नाही.

बाकी कारणं उघड आहेत. पैसा त्याच्या हातात, मुलं हिरावून घेतली जाण्याची भीती, आणि ‘निवड माझीच होती’ हे कबूल करण्याची लाज.

मग तिच्याशी बोलायचं कसं? एकटीशी, आणि तो फोन तपासत असेल असं धरून. मेसेज किंवा लेखी काही नको. ‘तो तुला मारतो का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर तयारच असतं. ढकलणं, केस ओढणं, दारात आडवं उभं राहणं हे तिच्या लेखी ‘मारणं’ नसतं. त्यापेक्षा विचारा: भांडण झाल्यावर तुला खोलीबाहेर जाता येतं का? तुझे पैसे तुला कुणालाही न विचारता खर्च करता येतात का? कुणाला भेटायचं ते कोण ठरवतं? अभ्यासक इव्हान स्टार्क यांनी २००७ मध्ये ज्या जबरदस्तीच्या नियंत्रणावर (जोडीदाराचं रोजचं जगणं धाकाने आपल्या ताब्यात ठेवण्यावर) पुस्तक लिहिलं, ते अशा उत्तरांतून दिसतं.

त्याला शिव्या घालू नका. तुम्ही ‘राक्षस आहे तो’ म्हणालात की तिला त्याचा बर्फ आठवतो, आणि ती त्याची वकिली करू लागते. ‘त्याला सोड, नाहीतर माझ्याकडे येऊ नकोस’ हे तर त्याच्याच पथ्यावर पडतं. तिला एकटं पाडायचं त्याचं काम तुम्ही करून दिलंत. ‘त्या दिवशी जे झालं ते बरोबर नव्हतं, रात्री कधीही फोन कर’ एवढं पुरतं. दोघांना समोरासमोर बसवून समेट तर अजिबात घडवू नका. तिथे ती जे बोलेल त्याची किंमत घरी गेल्यावर मोजेल. तिला निघून जाण्याची घाईही करू नका, कारण सोडून जाण्याचा काळच सगळ्यात धोक्याचा असतो. आधी कागदपत्रं, औषधं, थोडी रोकड आणि जास्तीची किल्ली घराबाहेर भरवशाच्या माणसाकडे पोचू द्या.

एका बाबतीत मात्र तिच्या ‘काही नाही हो’वर थांबू नका. जोडीदाराने पूर्वी गळा दाबलेला असेल, तर पुढे त्याच्या हातून खून होण्याची शक्यता सात पटींहून जास्त असते, असं २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. गळ्यावर अनेकदा खूण उमटतच नाही. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, मधली काही मिनिटं न आठवणं ही लक्षणं बघा. मानेतली रक्तवाहिनी आतून फाटली असेल, तर पक्षाघात काही दिवसांनीही येऊ शकतो. त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि ‘गळा दाबला होता’ हे डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. ती तिथेही म्हणेल, ‘जोरात नव्हता दाबला.’