आमची वाटचाल : पिल्स्नर आणि एक भागीदार

नवी मुंबईत तुर्भ्याच्या गाळ्यात बिअरच्या टाक्या बसवल्या तेव्हा आम्ही दोघं होतो. टाक्या भागीदारानेच जोडल्या. आधी तो डेअरीची कामं घ्यायचा, आणि वेल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारा रबाळ्यापर्यंत कोणी नव्हता, हे आजही मान्य करतो. बिनसलं ते पिल्स्नरवरून, म्हणजे थंडाव्यात सावकाश मुरणाऱ्या सोनेरी बिअरवरून. "गव्हाची बिअर दोन आठवड्यांत ग्लासात येते, तुझी ही सहा आठवडे टाकी अडवते. भाडं कोण भरणार?" हिशेब त्याचा बरोबर होता. पण दहा अंशांवर सावकाश आंबवायची आणि मग शून्याच्या आसपास महिनाभर निवत ठेवायची, नाहीतर ती पिल्स्नर कसली?

२०२० च्या मार्चमध्ये पाचशे लिटरच्या दोन्ही टाक्या भरलेल्या. शटर बंद, चिलर चालू. गाळ्यात टाक्या गार ठेवणाऱ्या ग्लायकॉलच्या पंपाची घरघर आणि मी. शेवटी हजार लिटर गटारात सोडली. सोडण्याआधी नमुन्याच्या नळातून अर्धा ग्लास काढला. इतकी साफ बिअर त्याआधी आमच्या हातून झाली नव्हती. त्याच महिन्यात भागीदाराने हिस्सा मागितला, बिअर बनवणारा आमचा ब्रूअरही नेला आणि पंधरा मिनिटांच्या अंतरावर दुकान थाटलं. आता त्याच्याही फळ्यावर 'क्राफ्ट पिल्स्नर' असते. बारा दिवसांची!

आम्ही सावरलो, कर्ज फिटलं. मात्र एका काकांबद्दल लिहायलाच हवं. केमिकल कंपनीच्या लॅबमधून निवृत्त, दर गुरुवारी हजर. आधी वास, मग घोट. एका मे महिन्यात मागणी इतकी की मी घाई केली. काका म्हणाले, "लोण्याचा वास येतोय." मी वाद घातला. रात्री दोन नमुने काढले, एक झाकून साठ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवला, गार करून हुंगला. बटर पॉपकॉर्न! डायअसिटिल, आंबवताना तयार होणारा लोण्याच्या वासाचा पदार्थ. आंबवणं संपत आलं की तो संपवायला यीस्टला पंधरा-सोळा अंशांवर दोन दिवस द्यायचे असतात, तेच मी खाल्ले होते. भागीदाराला हे कळलं नसावं अशी आशा आहे.

उन्हाळ्यात पिल्स्नर घेणार असाल तर बर्फाळलेला मग मागू नका. जीभ बधिर होते, साझ हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, वास मरतो. पाच-सहा अंश पुरे. हिरव्या बाटलीला ऊन लागलं की कुबट वास धरतो, म्हणून कॅन किंवा तपकिरी बाटली, तीही ताज्या तारखेची. १८४२ साली आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या पिल्सेनला योसेफ ग्रोल या ब्रूअरने ही बिअर काढली तेव्हापासून तिची ओळख सोनेरी, नितळ रंगाची, तेव्हा ग्लास उजेडात धरून बघा. मुद्दाम न गाळलेली असेल तर गढूळपणा चालेल. आणि कडू लागली म्हणून परत करू नका, घामाच्या दिवसांत तोच कडवटपणा दुसरा घोट मागतो.

सध्या दोन नंबरची टाकी एक अंशावर आहे. काकांनी कालच विचारलं. म्हटलं, अजून नऊ दिवस.