फणस, भेकर आणि जाळीचा घेर : तिसऱ्या पावसाळ्यानंतरची नोंद

घराच्या वरच्या अंगाचा फणस या दिवाळीत माझ्या डोक्याच्या वर गेला. हात उंच केला तरी शेंडा आता बोटाला लागत नाही. भेकरांनी, म्हणजे भुंकणाऱ्या छोट्या हरणांनी, चार वेळा खाल्लेलं झाड आहे हे, म्हणून आधी त्याची नोंद.

आमची जागा संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याला. दीड एकर उतार, थोडा कातळ, बाकी लाल माती. दोन बाजूंना जुना गडगा (दगडांचा बांध), तिसरीकडे पऱ्या (ओढा) आणि वर थेट रान. जून २०२२ मध्ये मृगाचा पाऊस लागल्यावर मी आणि सासूबाईंनी ६४ रोपं लावली : १८ हापूसची कलमं, २० कोकम, १० फणस, ६ जांभळं, १० पोफळी. पुढच्या जूनपर्यंत त्यातली २९ गेली.

त्या वर्षीच्या वहीत मी सगळीकडे 'हरणांनी खाल्लं' एवढंच लिहिलंय. ते चुकीचं होतं. सासूबाई पहिल्यापासून सांगत होत्या, "आधी तोंड ओळख, मग कुंपण घाल." आता रोज सकाळी मी कातरलेलं टोक हातात धरून बघते. भेकर, सांबर यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथं नुसती कडक गादी असते. त्यामुळे ते पान धरून ओढतात आणि फांदीचं टोक फाटल्यासारखं, धागे निघालेलं दिसतं. सशाचा काप कोयत्यानं घातल्यासारखा तिरका आणि स्वच्छ असतो, तोही जमिनीपासून वीतभर उंचीवर. साळिंदर बुंध्याशी साल कुरतडतो. हे कळल्यावर जुने फोटो परत पाहिले. पोफळी साळिंदरानं संपवल्या होत्या. फणस आणि आंब्याची पालवी भेकराची. जांभळांचं नुकसान मात्र सांबराचं, आणि ते खाण्याचं नव्हतंच. नरानं शिंगं घासून साल सोलली होती. दोन जांभळांची साल सभोवार गेली, ती वाळली. तिसऱ्याची एकाच बाजूनं गेली होती. तिथं मोरचूद-चुन्याचं बोर्डो मलम लावलं, तिन्ही बाजूंनी मनगटाएवढे ऐनाचे खुंट ठोकले. ते झाड आज छातीएवढं आहे.

खाण्याचा जोर कधी असतो हेही वहीमुळेच कळलं. मला वाटायचं, पावसाळ्यात. पण पावसात रानात हिरव्याला तोटा नसतो. खरा मार एप्रिल-मेमध्ये बसतो. डोंगर करपलेला असतो आणि आपण आळ्यात पाणी घालून वाढवलेली कोवळी पानंच काय ती हिरवी असतात. दुसरा मार आंब्याला तांबूस पालवी फुटते तेव्हा.

आता जे लिहिणार आहे ते लिहायला जड जातं, पण लिहिलंच पाहिजे. २०२३ च्या एप्रिलमध्ये मी स्वस्त पडतं म्हणून बंदरावरून जुनं मासेमारीचं जाळं आणून पऱ्याच्या बाजूला बांधलं. आठव्या दिवशी पहाटे त्यात भेकराची पाडसासह आलेली मादी अडकली. पाडस पलीकडे उभं होतं. आम्ही वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन केला, तोवर तिच्या डोळ्यांवर ओला पंचा टाकला, आवाज बंद केले आणि जाळं कापत गेलो. ती सुटली, पऱ्या ओलांडून वर गेली. पण हरीणवर्गातले प्राणी अशा धसक्यानं काही तासांनी, काही दिवसांनीही मरतात, हे मला त्या दिवशी समजलं. ती जगली का, माहीत नाही. त्याच दुपारी सगळं जाळं काढून टाकलं. कुणी ढिलं जाळं लावलं असेल तर कृपा करून काढा. कुंपणात घरची वीज सोडण्याचा विचारसुद्धा नको. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसंही मेली आहेत. सौर कुंपणाचा झटका यंत्रातून क्षणभरच येतो, ती वेगळी गोष्ट. आम्ही ते घेतलेलं नाही.

त्यानंतर सगळ्या जागेला कुंपण घालायचा हट्ट सोडला आणि एकेक झाड राखायचं ठरवलं. वेल्डमेश जाळीचे ५ फूट उंचीचे, १० फूट लांबीचे तुकडे कापून गोल केले. घेराच्या आत या कडेपासून त्या कडेपर्यंत ३ फुटांच्या थोडं वर अंतर येतं. पहिल्या खेपेला मी ६ फुटांचे तुकडे केले होते. पानं जाळीला टेकायची आणि भेकर बाहेरूनच नाक घालून ओरबाडायचं. घेर मोठा हवा, हे लिहून ठेवा. खालची कडही जमिनीला घट्ट हवी, कारण भेकर जेमतेम दोन फुटांचं जनावर, ते उडी मारण्याआधी खालून वाट शोधतं. मी प्रत्येक घेराला चार चिरे टेकवलेत. माणग्याच्या (बांबूच्या) काठ्या एका पावसात कुजल्या, म्हणून आता गिरिपुष्पाचे हिरवे खुंट लावते. ते मूळ धरतात आणि पाला आळ्यात आच्छादनाला येतो.

सांबराला ५ फूट काहीच नाही, गडगा तर ते चालता चालता ओलांडतं. म्हणून वरच्या अंगाच्या चार फणसांना ७ फूट उंचीचे घेर केले. खर्च बोचला, पण तिथं दुसरा उपाय नव्हता.

कोकमांबद्दल चांगली बातमी. २० पैकी १७ उभी आहेत आणि त्यांना जाळी जवळपास लागलीच नाही. आंबट पानं आमच्याकडच्या भेकरांना आवडत नसावीत. तुमच्याकडे वेगळं असू शकेल. सगळी मृदुकाष्ठ कलमं (रोपाच्या कोवळ्या शेंड्यावर मादी झाडाची काडी बांधलेली) आहेत, कारण कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि बियांच्या रोपांत निम्मी नर निघाली तर जागा अडते. दोन कलमं मात्र जमिनीलगत आडवी पसरतायत. आडव्या फांदीची काडी वापरली की असं होतं. यंदा घेताना उभ्या शेंड्याची काडी आहे का, हे मी रोपवाटिकेत उभं राहून विचारलं.

मेलेल्या बऱ्याच जागी परत झाडं लावली आहेत. पोफळी पुन्हा लावलेल्या नाहीत.

जिवंत कुंपणाचं काम सावकाश चाललंय. करवंदाचं बी ताजंच पेरावं लागतं, मेमध्ये पिकलेली करवंदं खाऊन बिया लगेच गडग्याच्या कडेनं टोचल्या. सध्या वीतभर रोपं आहेत. सागरगोट्याचं कवच दगडासारखं, म्हणून एका बाजूला कानस मारून रात्रभर पाण्यात ठेवलं, मग उगवलं.

गडग्याबाहेरची दहा-बारा हात रुंदीची पट्टी आम्ही साफ करायची थांबवली आहे. तिथं एक आवळा आणि एक बेहडा आहे. खाली पडलेली फळं भेकरं खातात, तशी खाऊ देतो. कुत्रा रात्री बांधलेला असतो. परवा साडेनऊला पऱ्यापलीकडून भेकर बराच वेळ भुंकत होतं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "वाघरू फिरतंय वाटतं, उद्या लवकर नको जाऊस वर." मी सात वाजता गेले. बेहड्याखाली अंगठ्याएवढे खूर उमटले होते, दोन मोठे, दोन लहान. वरच्या अंगाच्या तिसऱ्या घेराचा एक चिरा सरकला होता, तो परत बसवला.