प्रकरण दुसरं, पान ४१

एमएच्या प्रबंधासाठी जात्यावरच्या ओव्या घेतल्यात. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८०च्या दशकापासून गावोगाव फिरून जमवलेल्या, लाखाच्या वर ओव्या आहेत. मी निवडल्या ६०. आणि पंधरा दिवस 'स्त्रीची अभिव्यक्ती' या शब्दांपाशीच अडकलेय. मॅडमनी समासात लाल पेनानं लिहिलंय, 'म्हणजे काय?'

आज आजीला फोन लावला. म्हटलं, एखादी ओवी सांग ना.
"अगं, अशी बसल्या बसल्या कुठली आठवायला? हात फिरला पाहिजे."
मग पलीकडून परातीत काहीतरी गरागरा फिरवल्याचा आवाज, आणि सलग सात ओव्या. त्यातल्या दोन तर थेट तिच्या सासूला!

आता परातीचा संदर्भ कुठल्या पद्धतीनं देतात, तेवढं कुणी सांगा.