समुपदेशनाचं एमए: फॉर्म भरण्यापासून लॉगबुकापर्यंत

‘समुपदेशक व्हायचंय’ एवढ्यावर फॉर्म भरू नका. काम शाळेत करायचंय, रुग्णालयात की स्वतःच्या खोलीत, ते आधी ठरवा, कारण तिन्ही वाटांचे कागद वेगळे.

शाळेसाठी एनसीईआरटीचा मार्गदर्शन-समुपदेशनाचा डिप्लोमा आहे. सहा महिने दूरस्थ, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग आणि तीन महिने इंटर्नशिप, असं त्याचं वर्ष. नोकरीतल्या शिक्षकांना तो सोयीचा पडतो. रुग्णालयाच्या वाटेने जाऊन नावापुढे ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ लावायचं असेल तर नुसतं एमए पुरत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि परिषदेच्या रजिस्टरवर नाव, दोन्ही लागतं. वर्षानुवर्षं त्यासाठी दोन वर्षांचं एमफिल करत. नव्या शैक्षणिक धोरणात एमफिलच मोडीत निघाल्यामुळे परिषदेची चालू वर्षाची यादी बघूनच पुढे जा. सीनियरचा सल्ला इथे जुना असतो.

मी घेतली ती तिसरी वाट: समुपदेशन मानसशास्त्रात दोन वर्षांचं एमए. तेही नियमित वर्गांचं, कारण यूजीसीने 2025च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवले आहेत.

थिअरी वाचून होते. घाम काढतं ते व्हर्बॅटिम. क्लायंटची लेखी संमती घेऊन सेशन रेकॉर्ड करायचं आणि शब्द न् शब्द उतरवायचा. मी चार रकाने करायचे: क्लायंट काय म्हणाला, मी काय म्हणाले, मला काय साधायचं होतं, त्या क्षणी मला काय वाटत होतं. शेवटचा रकाना सगळे कोरा ठेवतात आणि सुपरव्हायझर, म्हणजे आपलं काम तपासणारे मार्गदर्शक, नेमकं त्यावरच बोट ठेवतात. पन्नास मिनिटांच्या सेशनला पाच-सहा तास सहज जातात, त्यामुळे त्याच दिवशी बसावं. रिपोर्ट इंग्रजीत द्यायचा असला तरी क्लायंटची महत्त्वाची वाक्यं मराठीतच, अवतरणात ठेवा.

सुपरव्हायझरची लाल शाई सगळ्यात जास्त पडते ती आपल्या तोंडच्या ‘एवढं टेन्शन घेऊ नका’ यावर. हा धीर समोरच्याला नसतो, आपल्याच अस्वस्थतेला असतो. त्याखालोखाल ‘असं का केलंस?’ यावर. तो प्रश्न घरच्यांच्या दरडावणीसारखा ऐकू येतो आणि समोरचा खुलासे द्यायला लागतो. ‘तेव्हा काय काय झालं?’ विचारलं की माणूस बोलतो.

गोपनीयतेच्या मर्यादा पहिल्याच सेशनमध्ये सांगा. जिवाला धोका असेल तर ती मोडावी लागते. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम 19प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘कुणालाही सांगणार नाही’ असं आधी कबूल केलेलं असलं की तिथे विश्वास कायमचा तुटतो.

लॉगबुकात, म्हणजे कामाच्या तासांच्या नोंदवहीत, प्रत्यक्ष क्लायंटचे तास, निरीक्षण, गटसत्रं आणि सुपरव्हिजन वेगवेगळं लिहा. नोकरी देणारे प्रत्यक्ष तासच विचारतात. सही दर आठवड्याला घ्या. शैक्षणिक सत्र संपेपर्यंत सुपरव्हायझर बदललेले असतात आणि मागचे तास कुणीच मान्य करत नाही. इंटर्नशिपच्या प्रमाणपत्रावर नुसत्या तारखा नकोत, कामाचं स्वरूपही लिहून मागा. 2021च्या केंद्रीय कायद्याने समुपदेशकांनाही संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांत धरलं आहे. नोंदणीच्या वेळी हेच कागद लागतील, म्हणून अभ्यासक्रमाची शिक्का मारलेली प्रतही कॉलेज सोडण्यापूर्वीच घेऊन ठेवा.