मॉन्ट्रियलच्या संघाला फ्रेंच बोलणाराच व्यवस्थापक का लागतो?

कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्यूबेक प्रांतातल्या मॉन्ट्रियलला येऊन मला पंधरा वर्षे होऊन गेली. या काळात पुण्याहून येणारी भावंडे, टोरांटोतले मराठी स्नेही आणि इथे नव्याने शिकायला आलेली मुले यांनी मला एक प्रश्न इतक्या वेळा विचारला आहे की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून काढावे असे वाटू लागले. प्रश्न असा असतो: बर्फावरच्या हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये ३२ संघ आहेत, बाकीच्या संघांचे मालक जनरल मॅनेजर शोधताना केवळ त्याची कर्तबगारी पाहतात, मग मॉन्ट्रियल कनेडियन्सचा मालक मात्र आधी त्याला फ्रेंच येते का हे का पाहतो, आणि या अटीपायी संघाचे नुकसान होत नाही का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मला ही अट योग्य वाटते. पण ती ज्या कारणासाठी योग्य आहे, ते कारण वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंकडून सहसा मांडले जात नाही.

आधी हे पद काय आहे ते सांगायला हवे, कारण क्रिकेटमध्ये त्याला नेमका जोड नाही. आपल्याकडे निवड समिती, प्रशिक्षक आणि मंडळ यांच्यात जी कामे वाटलेली असतात, त्यांतली बरीचशी इथे एका माणसाच्या हाती असतात. कोणत्या खेळाडूशी किती वर्षांचा आणि किती रकमेचा करार करायचा, कोणाला दुसऱ्या संघाकडे पाठवून त्याच्या बदल्यात काय घ्यायचे, उन्हाळ्यातल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कोणत्या अठरा वर्षांच्या मुलावर विश्वास टाकायचा, प्रशिक्षक ठेवायचा की बदलायचा, हे सगळे जनरल मॅनेजर ठरवतो, आणि तेही सगळ्या खेळाडूंच्या एकूण पगारावर लीगने घालून दिलेल्या वेतनमर्यादेत. २०२१-२२ च्या हंगामात ही मर्यादा ८ कोटी १५ लाख डॉलरची होती. त्यामुळे एका खेळाडूशी केलेला चुकीचा करार पुढची सात-आठ वर्षे संघाच्या मानेवर बसतो. अशा निर्णयांची फळे दिसायला वेळ लागतो आणि तोवर चाहत्यांच्या हाती एकच गोष्ट उरते. ती म्हणजे व्यवस्थापकाला 'असे का केलेत' म्हणून विचारणे.

हा प्रश्न मला खऱ्या अर्थाने कळला तो २०२१ च्या हिवाळ्यात. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये कनेडियन्स स्टॅनले कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत खेळले होते आणि टँपा बेकडून पाच सामन्यांत हरले होते. पुढच्या हंगामात त्यांची इतकी घसरण झाली की २८ नोव्हेंबरला मालक जेफ मोल्सन यांनी जनरल मॅनेजर मार्क बेर्झव्हँ यांना काढून टाकले. त्याच दिवशी त्यांनी न्यू यॉर्क रेंजर्सचे माजी जनरल मॅनेजर जेफ गॉर्टन यांना हॉकीच्या सर्व कारभाराचे प्रमुख नेमले. गॉर्टन मॅसॅच्युसेट्सचे, त्यांना फ्रेंच येत नव्हते. म्हणून त्यांच्या हाताखाली येणारा जनरल मॅनेजर फ्रेंच जाणणारा असेल असे जाहीर झाले, आणि सात आठवडे सगळ्या शहराला दुसरा विषय राहिला नाही.

ते आठवडे महामारीच्या नव्या लाटेचे होते. १६ डिसेंबरचा सामना बेल सेंटर या संघाच्या स्टेडियममध्ये प्रेक्षकांविना झाला, आणि वर्षअखेरीपासून रात्री दहानंतर बाहेर पडायला बंदी आली. रेडिओवर संध्याकाळी श्रोत्यांचे फोन घेणारा हॉकीचा कार्यक्रम असतो. फ्रेंचचे माझे निम्मे शिक्षण गाडीत तोच कार्यक्रम ऐकत झाले आहे, कारण सरकारी वर्गात मला क्रियापदांची रूपे शिकवली गेली, पण चिडलेला, दुखावलेला आणि तरीही आशा न सोडलेला माणूस त्या क्रियापदांचे काय करतो हे मला या कार्यक्रमाने शिकवले. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक निवृत्त बसचालक राहतात. संचारबंदीच्या दिवसांत ते जिन्याच्या खालच्या पायरीवर आणि मी वरच्या पायरीवर, अशा अंतराने आम्ही या शोधाची चर्चा करत असू. क्यूबेकमध्ये अशा लोकांना 'जेरां देस्त्राद' म्हणतात, म्हणजे प्रेक्षकांच्या बाकांवरून संघ चालवणारे व्यवस्थापक. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भारतीय संघ निवडणारी मंडळी पाहत मी वाढले, त्यामुळे मला त्या पायरीवर परके वाटले नाही.

त्या गृहस्थांचे म्हणणे ठाम होते: पात्रिक रुआ यांना आणा. रुआ हे क्यूबेक सिटीचे, १९८६ आणि १९९३ चे कप मॉन्ट्रियलला मिळवून देणारे गोलरक्षक. १९९३ नंतर संघाने कप जिंकलेला नाही, म्हणजे रुआ यांचे नाव घेणे हे शेवटच्या सुखाच्या दिवसाचे नाव घेण्यासारखे आहे. दुसऱ्या बाजूला दानिएल ब्रिएर आणि मात्यू दार्श ही नावे होती. दोघेही कनेडियन्सकडून खेळलेले, पण खेळ सोडल्यावर कार्यालयात बसून कारभार शिकलेले. २००२ मध्ये कॅनडाच्या महिला संघाला ऑलिंपिक सुवर्ण मिळवून देणाऱ्या प्रशिक्षक दानिएल सोव्हाझो यांचे नावही चर्चेत होते, आणि मला वाटते ते नाव पुढे येणे हीच त्या शोधातली एक चांगली गोष्ट होती.

ऑफिसातले माझे इंग्रजीभाषक सहकारी मात्र या साऱ्या यादीवरच नाराज होते. अट घातली की निवडीचे क्षेत्र आक्रसते, आणि उत्तम माणूस बाहेर राहतो, असा त्यांचा मुद्दा होता. हा मुद्दा वरवर पाहता बिनतोड आहे. पण मग जुलैमध्ये आपल्याला हरवणारा टँपाचा संघ कोणी चालवला होता? ज्युलियँ ब्रिझबुआ यांनी. ते मॉन्ट्रियलच्या परिसरातले फ्रेंचभाषक, २००१ ते २०१० या काळात कनेडियन्सच्याच कचेरीत काम केलेले, आणि २०२० व २०२१ असे लागोपाठ दोन कप जिंकलेले जनरल मॅनेजर. पुढे ब्रिएर २०२३ मध्ये फिलाडेल्फियाचे जनरल मॅनेजर झाले, दार्श २०२५ मध्ये न्यू यॉर्क आयलँडर्सचे झाले, आणि रुआ त्याच आयलँडर्सचे प्रशिक्षक झाले. ज्या यादीतली माणसे इतर संघ नंतर आनंदाने उचलून नेतात, ती यादी तोकडी होती असे मी मानत नाही.

तरीही माझे शेजारी आणि मी एका बाबतीत भांडलो, आणि ते भांडण मला महत्त्वाचे वाटते. भाषा आणि कीर्ती या दोन गोष्टी असल्या की व्यवस्थापक तयार झाला, असे त्यांना वाटत होते. मॉन्ट्रियलने हा प्रयोग एकदा केलेला आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये सेर्झ साव्हार यांना, म्हणजे व्यवस्थापक म्हणून दोन कप जिंकलेल्या माणसाला, काढून त्यांच्या जागी रेझाँ उल यांना बसवण्यात आले. उल हे खेळाडू म्हणून पाच कप जिंकलेले, स्वभावाने सज्जन, फ्रेंचभाषक. पण संघ चालवण्याचा त्यांना अनुभव नव्हता. २ डिसेंबरला डेट्रॉइटने कनेडियन्सवर ११ गोल केले, त्यांतले नऊ रुआ मैदानात असताना झाले, तोवर प्रशिक्षकांनी त्यांना बाहेर काढले नाही. बाहेर आल्यावर रुआ बाकामागे बसलेल्या संघाच्या अध्यक्षांपाशी गेले आणि मॉन्ट्रियलसाठी हा आपला शेवटचा सामना असल्याचे त्यांनी सांगितले. चारच दिवसांत उल यांनी त्यांना आणि कर्णधार माइक कीन यांना कोलोरॅडोकडे पाठवले, आणि त्या हंगामाचा कप कोलोरॅडोने जिंकला. संयम आणि सौदा करण्याचा सराव या दोन्ही गोष्टी भाषेने येत नाहीत. हे मी शेजाऱ्यांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, कारण त्या रात्री ते स्वतः सामना पाहायला गेलेले होते.

मग भाषा कशासाठी? कनेडियन्सची स्थापना १९०९ मध्ये झाली तीच मुळी मॉन्ट्रियलच्या फ्रेंचभाषक लोकांचा संघ म्हणून. तेव्हा शहरातला पैसा, कारखाने आणि वरच्या नोकऱ्या इंग्रजीच्या हाती होत्या. मार्च १९५५ मध्ये लीगचे अध्यक्ष क्लॅरन्स कँपबेल यांनी कनेडियन्सचे फ्रेंचभाषक खेळाडू मोरीस रिशार यांना उरलेल्या हंगामासाठी बंदी घातली, तेव्हा १७ मार्चच्या रात्री सँत-कातरीन रस्त्यावर जी दंगल उसळली, तिच्यात लोकांचा राग केवळ एका खेळाडूपुरता नव्हता. आपल्याबद्दलचा निर्णय आपली भाषा न बोलणारा माणूस घेतो आणि त्याचे कारणही आपल्याला आपल्या भाषेत सांगत नाही, हे त्या रात्रीचे दुःख होते. डिसेंबर २०११ मध्ये फ्रेंच न येणारे रँडी कनीवर्थ हंगामी प्रशिक्षक झाले तेव्हा बेल सेंटरबाहेर निदर्शने झाली ती याच धाग्याने. आणि बेर्झव्हँ यांच्या हकालपट्टीच्या जेमतेम तीन-चार आठवडे आधी एअर कॅनडाच्या प्रमुखांनी मॉन्ट्रियलमध्ये इंग्रजीत भाषण करून, इतकी वर्षे इथे राहूनही फ्रेंच शिकण्याची गरज पडली नाही असे सांगितले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना माफी मागावी लागली. जखम ताजी होती.

या अटीचा अर्थ वंशाशी जोडणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही, मग ते तिच्या बाजूचे असोत वा विरोधातले. बॉब गेनी इंग्रजीभाषक ओंटारियोतून खेळाडू म्हणून आले तेव्हा त्यांना फ्रेंच येत नव्हते. ते शिकले, कर्णधार झाले, आणि २००३ पासून २०१० पर्यंत जनरल मॅनेजर राहिले. त्यांचा इथे आजही मान आहे. उलट साकू कोइवू या फिनलंडहून आलेल्या कनेडियन्सच्या कर्णधारावर फ्रेंच न बोलल्याबद्दल झालेली टीका मला अन्यायाची वाटते, कारण खेळाडूचे बोलणे बर्फावर असते, आणि कर्करोगातून उठून पुन्हा मैदानात आलेल्या त्या माणसाने ते पुरेसे बोलून दाखवले होते. व्यवस्थापकाचे तसे नाही. तो बर्फावर कधी उतरत नाही. त्याचा निर्णय आणि त्या निर्णयाचे स्पष्टीकरण, एवढेच लोकांना त्याच्याकडून मिळते.

हे मला पटण्याचे कारण इथले नाही, मुंबईचे आहे. माझी मावशी एकदा आपल्या ठेवीबद्दल विचारायला एका बँकेत गेली होती. खिडकीमागच्या अधिकाऱ्यांना मराठी येत नव्हते, आणि तिला हिंदीत नेमका प्रश्न मांडता येईना. ती घरी परतली आणि म्हणाली, 'असू दे, बरोबरच असेल त्यांचं.' चाळीस वर्षे पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या बाईने विचारण्याचेच सोडून दिले, हे मी विसरू शकलेले नाही. समोरच्याला आपली भाषा येत नसली की माणूस आधी अवघड प्रश्न सोडतो आणि मग सगळेच प्रश्न सोडतो.

१८ जानेवारी २०२२ रोजी, संचारबंदी उठल्याच्या दुसऱ्या दिवशी, केंट ह्यूज यांचे नाव जाहीर झाले. ते मॉन्ट्रियलच्या पश्चिमेकडच्या इंग्रजीभाषक भागात वाढलेले, तोवर खेळाडूंचे एजंट म्हणून काम केलेले. त्यांची मातृभाषा इंग्रजी, पण फ्रेंचमध्ये प्रश्नोत्तरे करू शकणारे. शेजारी फार नाराज झाले. एजंट म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा माणूस, असे त्यांचे मत होते. मला मात्र ही निवड चांगली वाटली, कारण करार कसे फुगवले जातात हे ज्याने पलीकडून पाहिले आहे, त्याला ते आवरताही येतील.

तो हंगाम संघाने लीगमध्ये सर्वांत तळाला संपवला आणि ड्राफ्टची पहिली निवड मॉन्ट्रियलकडे आली. ७ जुलै २०२२ रोजी ड्राफ्टची पहिली फेरी नेमकी बेल सेंटरमध्येच होती. जमलेल्या हजारो लोकांपैकी बहुतेकांना शेन राइट हा कॅनडाचा खेळाडू हवा होता. ह्यूज यांनी स्लोव्हाकियाच्या युराय स्लाफकोव्स्कीचे नाव पुकारले. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या दिवशी त्यांनी ६२ व्या क्रमांकावर लेन हट्सन हा अंगाने लहान असलेला बचावपटू घेतला, ज्याने पुढे २०२५ मध्ये लीगच्या सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार मिळवला. पण त्या पहिल्या रात्री हट्सनचे नाव अजून पुकारलेही गेले नव्हते.

रात्री उशिरा मी जिना उतरले तेव्हा शेजाऱ्यांचा दरवाजा उघडा होता आणि रेडिओ चालू होता. पहिली निवड अशी का केली हे ह्यूज फ्रेंचमध्ये सांगत होते. मध्येच ते एखाद्या शब्दाला अडखळत आणि वाक्य दुसऱ्या बाजूने पुन्हा सुरू करत. शेजाऱ्यांनी सगळे शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि मग रेडिओकडे बोट दाखवत त्यांनी ह्यूज यांचा एकेक मुद्दा घेऊन तो कसा चुकीचा आहे हे मला सांगायला सुरुवात केली. मी पायरीवर बसले. आम्ही एक वाजेपर्यंत बोलत होतो, आणि त्यांना ती निवड अखेरपर्यंत पटली नाही.